स्प्रिंट आणि हिल क्लाइंब : विदर्भातून सुरुवात करायची तर गाडी, जागा, कागदपत्रं

काळीमाती
नमस्कार मंडळी. दारव्ह्याकडचे आम्ही तिघं. गाडी २००८ची स्विफ्ट, १.३ पेट्रोल, रीपासिंग झालेली, विमा चालू. आधी ऑटोक्रॉस, मग रॅली स्प्रिंट आणि जमलं तर हिल क्लाइंब, असा विचार आहे. घरच्या शेताला लागून दोन एकर मुरमाड पडीक आहे. प्रश्न असे: सराव कुठे करावा (चिखलदऱ्याचा घाट पहाटे रिकामा असतो)? पहिला खर्च इंजिनावर करावा का? रोल केज (गाडीच्या आतला पाइपांचा सांगाडा) लगेच बसवावा का? लायसन्सचं काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

स्टॉपवॉच
घाटाचं आधी. तो डोक्यातून काढा. परतवाड्याहून वर जाणारा रस्ता मेळघाटच्या जंगलातला. वळणापलीकडे गवा उभा असेल, नाहीतर दुधाच्या कॅन लावलेली मोटरसायकल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास वर्षभरापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तिघं आळीपाळीने घड्याळ लावून चढलात तरी ती चाचणीच. एकटं कोणी सापडलं तर धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ आहेच.

विम्याची पॉलिसी काढा आणि वापराच्या मर्यादा लिहिलेल्या ओळी वाचा. शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे सगळं त्यात वगळलेलं असतं. अधिकृत स्पर्धेतसुद्धा तुमच्या गाडीचा पत्रा वाकला तर तो तुमच्या खिशातून, हे धरूनच चाला.

आता प्रकार. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात शंकू लावून आखलेला मार्ग, बहुधा कच्चा. रॅली स्प्रिंट म्हणजे बंद केलेला छोटा टप्पा. हिल क्लाइंब म्हणजे बंद केलेला चढ, खालून वर. लढत घड्याळाशी असते आणि निकाल सेकंदांवर लागतो. टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली वेगळी. त्यात चालू रस्त्यावर ठरवून दिलेली सरासरी राखायची असते, लवकर पोहोचलात तरी दंड पडतो. नकाशा वाचणं, वेळेचा हिशेब आणि को-ड्रायव्हरशी बोलणं शिकायला ती चांगली, गाडीत काही बदलावंही लागत नाही.

धुरकरी
शंकरपटात बी काही ठिकाणी जोडी घड्याळाशीच पळते भाऊ, त्यामुळे गावातल्या लोकाईले हा खेळ समजावून सांगाले तरास नाही होत. फरक एवढाच का बैल थकला का थांबते, गाडी नाही थांबत. म्हनून पहिले बिरेक पाहजा, मंग इंजिनले हात लावजा.

स्टॉपवॉच
+१. लायसन्सचं सांगतो. देशातली नियंत्रक संस्था एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया. अधिकृत स्पर्धेसाठी तिचं स्पर्धक लायसन्स लागतं. त्यासाठी चालू ड्रायव्हिंग लायसन्स, ओळखपत्र, फोटो आणि वैद्यकीय तपासणीचा कागद तयार ठेवा. रक्तगट खात्रीचा हवा, अंदाजे लिहू नका. हेल्मेटवर आणि गाडीवर तोच लिहिला जातो.

प्रत्येक स्पर्धेचं स्वतंत्र नियमपत्र निघतं, त्याला सगळे ‘एसआर’ म्हणतात. प्रवेश फी भरण्याआधी ते शेवटच्या पानापर्यंत वाचा. कुठल्या सीसीला कोणता गट, टायर कोणते चालतील, हेल्मेट कोणत्या मानकाचं, केज सक्तीचा की नाही, शंकू पाडल्यावर किती सेकंद, सगळं त्यात असतं. तुमची गाडी १२९८ सीसीची आहे, त्या हिशेबाने गट शोधा. निम्मे नवखे स्क्रूटिनीत (स्पर्धेआधीच्या तपासणीत) अडतात ते एसआर न वाचल्यामुळे.

पान्हा१३
काळीमाती, तुमच्या गाडीवर सविस्तर लिहितो. हे इंजिन जी१३, ८७ बीएचपीचं, गाडी साधारण एक टनाची. नवख्याला एवढी ताकद भरपूर झाली. त्यामुळे इंजिन आहे तसंच राहू द्या. पुढचं सगळं गावच्या गॅरेजमध्ये होण्यासारखं आहे.

ब्रेक : जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवीन डॉट ४ भरा. डॉट ३ची कोरडी उकळमर्यादा किमान २०५ अंश, डॉट ४ची २३०. पण ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि ओलं झालेलं डॉट ४ १५५ अंशांपर्यंत खाली येतं. दोन-तीन फेऱ्यांत पॅडल एकदम स्पंजासारखं होतं ते यामुळे, ऑइलची वाफ होते. एअर काढताना कुठल्या चाकापासून सुरू करायचं ते मॅन्युअलमध्ये पाहा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. ५.१ चालतं. पॅड निम्म्याखाली आले असतील तर बदला. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर पाझरतोय का ते त्याची रबरी टोपी (बूट) उचलून बघा, नुसतं बाहेरून पाहून कळत नाही.

पुढचा भाग : गाडी जॅकवर घ्या (खाली स्टँड हवाच), चाक वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे हलवून आली तर टाय रॉड. सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला ताकद नेणाऱ्या सांध्याचा) बूट चिरलेला असेल तर मुरमाची धूळ आत जाऊन जॉइंट थोड्याच दिवसांत वाजायला लागेल. इंजिन फाउंडेशनचं रबर फाटलं असेल तर स्टार्टला गिअर निसटतो आणि लोक गिअरबॉक्स खोलत बसतात.

कूलिंग : आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी ओततात. क्षार बसून नळ्या अर्ध्या बुजतात आणि रोजच्या चालवण्यात ते कळत नाही. फ्लश करा, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. रेडिएटर कॅपचं रबर आणि होजच्या क्लिपा नव्या टाका, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. पंखा आपोआप सुरू होतो का ते गाडी उभी ठेवून तपासा.

ऑइल : डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ठेवा, त्याच्या वर नाही. लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातं. चेंबर गार्ड लावा, पण ड्रेन नटाला आणि हवेला जागा सोडून. पूर्ण बंद पत्रा लावला तर एप्रिल-मे मध्ये तापमान चढतं.

आतून : चटया, जॅक, स्टेपनी, बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं बाहेर. जोराच्या धक्क्यात सुटलेली पाण्याची बाटली ब्रेक पॅडलखाली गेली की काय होतं ते सांगायला नको. बॅटरी हाताने हलली नाही पाहिजे, आणि पॉझिटिव्ह टर्मिनलवर रबरी टोपी हवी. ॲक्सिलरेटर सोडल्यावर झटकन परत येतो का तेही तपासतात. पुढे-मागे ओढायचे हुक लावून त्यावर रंगाने बाण करा.

चाकाचे नट टॉर्क पान्ह्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणि तिरप्या क्रमाने. पायाने उभं राहून आवळलेले नट स्टड ताणतात.

काळीमाती
पान्हा१३ भाऊ, खूप आभार. पण गॅरेजवाला कोन फिल्टर आणि मोठा सायलेन्सर सुचवतो आहे, दहा-बारा बीएचपी वाढेल म्हणे.

पान्हा१३
नाही वाढणार. उलट बघा. हवेच्या घनतेचा मानक हिशेब १५ अंशांवर असतो आणि आपल्याकडे दुपारी ४५. तेवढ्यानेच हवा साधारण ९ टक्के विरळ होते. बॉनेटखालची गरम हवा ओढणारा उघडा कोन फिल्टर त्यात भर घालतो. शिवाय मुरमाची बारीक धूळ त्यातून आत जाते. कंपनीचा कागदी फिल्टर आणि त्याचा बंद डबा हाच आपल्या हवेला बरा. प्रत्येक दिवसाच्या शेवटी फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाइपमध्ये बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर डब्याचं रबर नीट बसत नाही. हे बोट फिरवायची सवय मोठ्या सायलेन्सरपेक्षा जास्त कामाची. हिल क्लाइंबला उंचीचाही फटका असतो. दर हजार मीटरला ढोबळ दहा टक्के ताकद जाते, सगळ्यांचीच, त्यामुळे त्याचं दुःख नको.

मुरूम_आणि_रबर
टायरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. पैसे खर्चायचे तर इथे. चार एकसारखे, ताजे, एकाच मॉडेलचे टायर. बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहा, आठवडा आणि वर्ष असतं. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात पाच-सहा वर्षांचं रबर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेलं असतं.

हवेचा दाब ठरवायची जुनी पद्धत : खडू घ्या, टायरच्या खांद्यावर (जिथे नक्षी संपून बाजू सुरू होते) तीन ठिकाणी आडव्या रेघा मारा आणि एक फेरी मारून या. खडू बाजूपर्यंत पुसला गेला तर टायर दुमडतोय, दाब वाढवा. नक्षीच्या कडेलाही पोहोचला नाही तर दाब कमी करा. एका वेळी दोन पीएसआय. डांबरावर पुढे ३४ आणि मागे ३६ पासून सुरू करा. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाणारी गाडी वळणात सरळ पळायला बघते, मागचा दाब दोन-तीनने वाढवला की शेपूट थोडी हलकी होते. मुरमावर थोडं कमी चालतं, पण २८ च्या खाली नको. दगडावर रिम वाकते किंवा टायर रिमवरून निसटतो.

तापमान साडेपाच अंश वाढलं की दाब सुमारे १ पीएसआय वाढतो. सकाळी २५ अंशात मोजलेला दाब दुपारी ४३ अंशात, गाडी न हलवताच, तीनेक पीएसआय वर गेलेला असतो. म्हणून स्वतःचा गेज ठेवा आणि प्रत्येक फेरीआधी सावलीत मोजा. पेट्रोलपंपावरच्या गेजचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

स्टॉपवॉच
केजचा प्रश्न राहिला होता. एसआर मागत नसेल आणि गाडी रोज गावात चालवायची असेल तर केज बसवू नका. हेल्मेट नसलेलं डोकं साध्या धडकेतसुद्धा त्या पाइपवर आपटतं. बसवायचाच तर अर्धवट नाही. एफआयएच्या (मोटरस्पोर्टच्या जागतिक संस्थेच्या) नियमात मुख्य कमान ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिलिमीटरची, बाकीचे पाइप ३८ × २.५ किंवा ४० × २.० चे, कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टील. शेतीच्या शेडला वापरतात तो जीआय पाइप किंवा शिवण असलेला पाइप चालत नाही, धडकेत शिवणीवर फाटतो. वेल्डिंग पूर्ण परिघावर हवं आणि पाय जिथे टेकतात तिथे तळाला जाड प्लेट.

चार पट्ट्यांचा हार्नेस कंपनीच्या सीटवर लावायची फॅशन आहे, ती चुकीची. खांद्याचे पट्टे पोटाचा पट्टा वर ओढतात आणि धडकेत माणूस खाली घसरतो. पट्टा ओटीपोटाच्या हाडाऐवजी पोटात रुततो. खांद्याचे पट्टे मागे जाताना जवळजवळ आडवे हवेत, फार खाली उतरले तर कणा दाबतात. हे सगळं जमेपर्यंत कंपनीचा तीन बिंदूंचा पट्टा चांगला. त्याला लॉक करून सीट एक खाच मागे-पुढे घेतली की माणूस घट्ट बसतो.

हेल्मेट : दुचाकीचं आयएसआय हेल्मेट स्थानिक ऑटोक्रॉसला काही ठिकाणी चालवून घेतात. पण पुढे जायचं असेल तर स्नेल एसए किंवा एफआयए मानकाचं घ्या. ‘एसए’ आणि ‘एम’ यातला महत्त्वाचा फरक आगीचा आहे, एम हे मोटरसायकलसाठी, त्याची आगीची चाचणी होत नाही. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉनचा ट्रॅकसूट वितळून कातड्याला चिकटतो. अग्निशामक २ किलोचा, धातूच्या पट्ट्याने बोल्ट केलेला, बसल्या जागेवरून हात पोचेल असा. चिकटपट्टीने बांधलेला स्क्रूटिनीला चालत नाही.

मुरूम_आणि_रबर
आता ते दोन एकर. साधारण १३० × ६० मीटर धरू. त्यात पहिलं काम म्हणजे पायी फिरून विहीर, विजेचा खांब, धुऱ्यावरची बाभूळ, ठिबकची नळी, जुना खुंट या सगळ्यांवर झेंडी लावणं. मार्ग त्यांच्यापासून किती लांब? हिशेब करा. डांबरावर ६० किमी वेगाने थांबायला सुमारे १८ मीटर, सैल मुरमावर दुप्पट, ३५ च्या आसपास. ८० किमीला मुरमावर ६० मीटरच्या वर जातं. म्हणजे तुमच्या जागेत वेग ५० च्या पुढे जाऊ नये असाच मार्ग आखायचा, सरळ पट्टा ४० मीटरपेक्षा लांब नको. शिकण्यासारखं सगळं त्या वेगात शिकता येतं.

शंकूंचा नागमोडी मार्ग १८ मीटर अंतराने सुरू करा, जमलं की १५. शंकूच्या तळाभोवती चुन्याने चौकोन आखा. शंकू चौकोनाच्या बाहेर गेला तर दंड, नुसता हलला तर नाही, म्हणजे वाद होत नाही. शंकू नसतील तर रिकाम्या कॅन चालतील, आत वाळू-दगड भरू नका.

काळ्या मातीत हा उद्योग नको. उन्हाळ्यात भेगा हातभर खोल जातात, पुढचं चाक आडवं अडकलं तर गाडी उलटते. पाऊस पडला की गाडी रुतते आणि चिखल ब्रेकमध्ये बसतो. मुरमावर आदल्या संध्याकाळी टँकरने हलकं पाणी मारून ठेवा, धूळ बसते. तरीही पुढची गाडी सोडायची ती आधीच्या गाडीची धूळ पूर्ण बसल्यावरच.

धुरकरी
आन् पराटीचं सांगतो. कापूस निंगाल्यावर वावरात पराटी उभी राह्यते, नाहीतर सोयाबीनचं कुटार पडलं राह्यते. वरतून गाडी गेली का थे सायलेन्सरच्या डब्यात अडकते आन् पेटते. तापलेला डबा लय बेकार. फेरी झाली का गाडी गवतावर उभी नोको करजा, साफ जागेवर करजा, आन् खाली वाकून पाहजा. पानी भरलेला फवारनीचा पंप जवळ ठेवजा, पन धुऊन ठेवजा, औषधाचा नोको.

पोट्टे जमतीन पाहाले. त्याईले वळनाच्या बाहेरून उभं करू नोका. आतून बी नोको. सुरुवातीच्या रेघेच्या मांगं, दोरी बांधून, आन् एक मानूस फक्त त्याईच्यावर लक्ष ठेवाले. मानूस नसन तर गाडी सोडू नोका.

स्टॉपवॉच
दोरीचा मुद्दा सगळ्यात वर हवा होता. तिकीट, बक्षीस, प्रेक्षक, बॅनर असं काही आलं की तो सराव राहत नाही, कार्यक्रम होतो. मग पोलीस, जिल्हा प्रशासन, रुग्णवाहिका, विमा आणि संस्थेचं परमिट. तीन माणसांनी त्या फंदात पडू नये.

काळीमाती
सरावात नेमकं काय करायचं? नुसत्या फेऱ्या मारल्या तर टायर जातात.

मुरूम_आणि_रबर
दोन फेऱ्यांत एकच गोष्ट बदला. दाब बदलला तर मार्ग तोच, चालवणारा तोच. वहीत वेळ, दाब, तापमान, पाडलेले शंकू लिहा. प्रत्येकाच्या तीन सलग फेऱ्यांत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक येत असेल तर गाडीत काहीही बदलू नका, फरक चालवणाऱ्यात आहे.

वेळ जातो तो बहुतेक वळणात शिरताना. नवखा उशिरा आणि जोरात ब्रेक मारतो, चाक वळवतो, गाडी सरळ पळते, मग तो आणखी वळवतो. वळवलेलं टायर आधीच मर्यादेवर असतं, जास्त वळवून पकड येत नाही. ब्रेक सरळ रेषेत संपवा, वळणात हळू शिरा, गाडीचं तोंड वळणातून बाहेर पडायच्या दिशेला आलं की मगच ॲक्सिलरेटर दाबा. मध्येच ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर मागची बाजू फिरते. हेच पुढे मुद्दाम वापरता येतं, पण आधी ते कुठे होतं हे ओळखा. स्टार्टला २५००–३००० आरपीएम पुरे, मुरमावर त्याहून जास्त म्हणजे चाकं जागेवर फिरतात. आणि मार्ग पायी चाला, ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीला वाकून. उभ्याने दिसणारा शंकू सीटवरून दिसत नाही.

पान्हा१३
हिल क्लाइंबची तीन कामं यापेक्षा वेगळी आहेत. चढावर स्टार्ट : हँडब्रेक धरून क्लच पकडायच्या बिंदूवर आणायचा, मग हँडब्रेक सोडायचा. हँडब्रेक केबल ढिली असेल तर गाडी मागे सरकते, म्हणून मागचे लायनर आधी ॲडजस्ट करा. गिअर : हेअरपिनला (यू आकाराच्या वळणाला) दुसऱ्यात आरपीएम पडलं तर गाडी वर येतच नाही, पहिला गिअर कुठे लागतो ते रेकीतच (मार्गाच्या आधीच्या पाहणीत) लिहून ठेवा. उतरणं : वर पोहोचल्यावर ब्रेक तापलेले असतात. उभी करताना हँडब्रेक ओढू नका, गरम ड्रम थंड होताना अडकतो. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड द्या. खाली येताना दुसऱ्या गिअरवर, मार्शल (वळणांवरचे झेंडेवाले) सांगतील तेव्हा, ताफ्याने.

वऱ्हाड_नाका
गाडी न्यायची कशी हेही बघा. नाशिक-पुण्याकडच्या स्पर्धांना समृद्धीने चालवत जाता येतं, पण ७०१ किलोमीटरचा तो काँक्रीटचा रस्ता उन्हाळ्यात टायर खातो. स्पर्धेचे टायर त्यावर घासू नका. दुसरा संच मागच्या सीटच्या जागी बांधून न्या आणि मुक्कामी बदला. छोट्या हत्तीत (टाटा एस) स्विफ्ट बसत नाही, त्याची क्षमता पाऊण टनाच्या आसपास. साध्या पिकअपची पाटी स्विफ्टला आखूड पडते. फ्लॅटबेडच (सपाट पाटीचा ट्रक) लागतो, आणि तो परतीच्या भाड्यात स्वस्त मिळतो. आणि पहिली स्पर्धा म्हणून उतरण्याआधी एकदा मार्शल म्हणून जा. आयोजकांना माणसं हवीच असतात, झेंड्यांचे अर्थ शिकवतात, आणि वळणावर दिवसभर उभं राहिलं की कोण कुठे ब्रेक मारतो ते फुकट दिसतं.

कास्तकार_३५०
मोटरसायकलवाल्यांना यातलं काय लागू?

स्टॉपवॉच
लायसन्स, एसआर, टायरचा दाब आणि दोरी. बाकी वेगळं आहे : पूर्ण चामड्याचा सूट किंवा डर्टसाठी छाती-गुडघ्याचं संरक्षण, घोट्यावरचे बूट, किल स्विच (इंजिन तात्काळ बंद करणारा). ड्रेन बोल्ट तारेने बांधावे लागतात. वेगळा धागा काढा, इथे मिसळलं तर दोघांचं वाचायचं राहील.

काळीमाती
ठरलं. आधी ब्रेक ऑइल, कूलंट, चार टायर, गेज, अग्निशामक. हेल्मेट या महिन्यात नाही जमलं तर पुढच्या.

पान्हा१३
उलट करा. हेल्मेट आधी, दोन टायर पुढच्या महिन्यात, तोपर्यंत नागमोडी मार्ग ३० किमी वेगावर. आणि चाकं काढून बसवलीत की ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्ह्याने तपासा. अलॉय व्हील असतील तर नक्कीच.